हटवार मॅडमचं ‘पाह्यलं का?’

हटवार मॅडमना कोणी चहात साखर आहे का असं विचारलं, की समजावं, हा माणूस आमच्या शाळेत नवा आहे. त्या सरळ उत्तर द्यायच्याच नाहीत. कप पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, घेऊन पाहा न सर. आता त्या विज्ञानाच्या, मी मराठीचा, आणि मला राग जरा लवकर येतो. एकदा मी वैतागून म्हणालो, की साध्या प्रश्नाला साधं उत्तर द्यायला तुमचं काय जातं हो? तर बाई शांतपणे म्हणाल्या, साखर मी टाकली होती, पण ढवळली की नाही ते आठवत नाही, मग कसं सांगू? 

शाळा आमची सिहोऱ्यापासून आत, तिन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. मी शहापूरहून येणारा, त्या तुमसरहून. ठेंगणी मूर्ती, पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकावर कमी आणि डोक्यावर जास्त. बोटांवर कुठल्याशा रसायनाचे पिवळे डाग कायमचे बसलेले. त्यांच्या पर्समध्ये पैसे सापडणं मुश्कील, पण लोहचुंबक, मेणबत्तीचं थोटूक, सुई काढलेली सिरिंज, फुगे, रबरी नळीचा तुकडा, हे हमखास. माझ्या छत्रीची एक काडी त्यांनी न विचारता काढून नेली होती. विचारलं तर म्हणाल्या, छत्री अजून उघडते न सर, मग?

पोट्ट्यांशी त्यांचं एकच बोलणं असायचं. पोरगा काहीही सांगू लागला, की चष्म्याखालून बघत विचारायच्या, "पाह्यलं का, का ऐकलं?" ऐकलं म्हटलं तर पुढचं वाक्य ठरलेलं, करून पाह्य. ह्याच एका सवयीपायी आमच्या शाळेतल्या एका पोराचा डोळा जाता जाता राहिला, आणि एका पोरीची शाळा सुटता सुटता. मला मॅडमबद्दल सांगायचं ते त्या पोरीमुळे. एरवी शिक्षकांची कौतुकं करायला मी बसलो नसतो.

पण आधी त्यांची तऱ्हा कळली पाहिजे. आमच्याकडे प्रयोगाची एक रीत आहे. आधी गाईडातून निरीक्षण उतरवायचं, मग अनुमान, आणि तास उरला तर प्रयोग करायचा. पाणी किती अंशांना उकळतं, तर शंभर. पोरांनी स्टोव्ह पेटायच्या आधीच शंभर लिहून ठेवलेलं. मॅडमनी पाणी उकळलं, थर्मामीटर शंभराच्या खालीच अडला, आणि त्यांनी अख्ख्या नववीला शंभर खोडायला लावलं. दुसऱ्या दिवशी एक पालक आले तणतणत, की परीक्षेत शंभरालाच मार्क आहेत, मॅडम आमच्या पोराचं नुकसान करून राहिल्या. मॅडम त्यांना म्हणाल्या, परीक्षेत शंभर लिहू द्या भाऊ, पुस्तकात आहे म्हणून लिहा. फक्त मी पाह्यलं म्हणून लिहू नका. पालकांना काही समजलं नाही. मलाही तेव्हा तो नुसता हट्टीपणाच वाटला होता.

दुसरी गोष्ट पल्लवीची. मिठाच्या पाण्यात धान टाकलं की पोचट दाणे वर तरंगतात आणि ते फेकून द्यायचे, हे आमच्याकडच्या पोराला शिकवावं लागत नाही. घनतेच्या धड्याला मॅडमनी तेच करून दाखवलं. तेव्हा पल्लवी मागून हळूच उभी राहिली. ही पोरगी म्हणजे, उभी राहू का म्हणून विचारून उभी राहणारी. वही उघडू का, पाणी प्यायला जाऊ का, शाई संपली तर पेन बदलू का, सगळं विचारून. बाप दुसऱ्याच्या बांध्या ठेक्यानं करतो, घरात पोरीनं आवाज न करता वागायची शिस्त. तिनं विचारलं, की मॅडम, वर आलेलं धान उगवतच नाही हे कोणी पाह्यलं आहे का?

मॅडमचा चेहरा असा काही फुलला, की मी खिडकीतून जाता जाता थांबलो. फुटक्या घमेल्यात माती भरली, तरंगलेले दाणे पेरले, आणि त्यातले काही चक्क उगवले. थोडेच, पण उगवले. मॅडम ते घमेलं घेऊन सगळ्या वर्गांत फिरल्या, माझा व्याकरणाचा तास मोडून आत आल्या, आणि पल्लवीला दारात उभी करून म्हणाल्या, हिनं विचारलं म्हणून हे दिसलं. पोरगी लाजून लाल झाली होती. त्या दिवसापासून ती मॅडमच्या शब्दाबाहेर नव्हती, हे लक्षात ठेवा.

तो दिवस हिवाळ्यातला. नववीला धडा असा, की दोन पदार्थ एकत्र झाले तरी एकूण वजन बदलत नाही. मॅडमनी बाजारातून कळीचा चुना आणला होता, भिंतीला लावायचा तोच. काचेच्या निमुळत्या तोंडाच्या पात्रात चुना, वरून पाणी. चुना फसफसतो, भांडं हाताला चटका देईल इतकं तापतं. आधी वजन, निवल्यावर पुन्हा वजन. किराणा दुकानात असतो तसला डिजिटल काटा होता. वजन कमी भरलं. पुस्तकाच्या विरुद्ध. मॅडमना तर तेच हवं असायचं. त्यांनी विचारलं, कुठी गेलं? पल्लवी म्हणाली, वाफ होऊन गेलं असेल. इतक्यात आमचे शिपाई वामनराव दारात आले, मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, तातडीनं बोलावलं होतं. कसलेसे फोटो त्याच घटकेला वर पाठवायचे होते. मॅडम उठून गेल्या.

त्या ऑफिसात असताना पल्लवीनं दुसऱ्या पात्रात चुना घेतला, पाणी ओतलं, आणि तोंडाला रबरी बूच घट्ट दाबून बसवलं. वाफ जाऊ नये म्हणून. मयूर नावाचा पोरगा आकडा वाचायला काट्यावर वाकला होता. बूच उडालं आणि उकळता चुना त्याच्या तोंडावर आला.

मी शेजारच्या वर्गात होतो. ती किंकाळी मला अजून ऐकू येते. मी पोचलो तोवर मॅडम धावत आल्या होत्या, पोराला बगलेत धरून नळाखाली घेऊन गेल्या होत्या. एका हातानं डोक्याला धरलेलं, दुसऱ्या हाताच्या बोटांनी डोळा ताणून उघडा ठेवलेला, आणि वरून नळ सोडलेला. पोरगा जीव खाऊन ओरडत होता. आजूबाजूच्या बांध्यांतली माणसं जमली होती; कोणीतरी धावत तूप आणलं, डोळ्यात घाला म्हणून. एक म्हातारा म्हणाला, दूध घाला. मॅडमनी कोपरानं सगळ्यांना मागे ढकललं. पोरगा गयावया करत होता, सोडा मॅडम, सोडा, आणि त्या सोडत नव्हत्या. लोक चिडले, बाई पोराला बुडवून मारेल म्हणाले. गाडी येईपर्यंत त्यांनी पाणी थांबवलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की पाण्यानं डोळा वाचला. बुबुळावर धूसर डाग राहील, नजर किती येईल ते आत्ताच सांगता येत नाही.

मग सुरू झालं ते, जे आपल्याकडे नेहमी होतं. कोणाच्या तरी नावावर हे घालायला हवं होतं. मयूरचे वडील धानाचे व्यापारी, संस्थेत त्यांचं वजन. त्यांनी सांगितलं, ज्या पोरीनं हे केलं ती ह्या शाळेत दिसली नाही पाहिजे. मोठ्या सरांनी मॅडमकडून लिहून घेतलं, आणि त्यांनी आठवेल ते लिहिलं, की मी येईपर्यंत काही करू नका असं सांगून मी ऑफिसात गेले होते. झालं. पोरीनं सांगितलेलं ऐकलं नाही, असा अर्थ निघाला. पल्लवीला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, की बूच मी लावलं. शनिवारी संस्थेची बैठक, त्यात तिच्या हातात दाखला द्यायचा, असं ठरलं. तिच्या बापानं निरोप पाठवला, की दाखला मिळाला तर दुसऱ्या शाळेचं नाव काढणार नाही, घरात काम काही कमी नाही. नववीत शाळा सुटलेल्या पोरीचं आमच्याकडे पुढे काय होतं ते मला सांगायला लावू नका.

त्या आठवड्यात मॅडम चहाला आल्या नाहीत. आल्या त्या गुरुवारी, आणि मला एकच म्हणाल्या, "सर, जी पोरगी मले विचारल्याशिवाय पेन बदलत नाही, तिनं बूच काहून लावलं?" मी म्हटलं, पोरं करतात कधी कधी. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच नववीत आहे. मग म्हणाल्या, उद्या नववीचा तो तास मला पुन्हा घ्यायचा आहे, जसाच्या तसा. तुम्ही मागच्या बाकावर बसा. फक्त पाहा. मध्ये बोलू नका.

शुक्रवारी मी जाऊन बसलो. चुन्याच्या जागी त्यांनी वाळू घेतली होती. मयूरची जागा रिकामी ठेवली. पोरांना सांगितलं, त्या दिवशी जो जिथे होता त्यानं तिथेच उभं राहायचं, जे बोलला तेच बोलायचं, काट्यावरचे आकडे त्या दिवशीचेच वाचायचे. वामनरावांनाही सांगून ठेवलं होतं. पोरं एकमेकांकडे बघत नव्हती. मला तेव्हाच काहीतरी खुपलं. घाबरलेली पोरं एकमेकांकडे बघतात.

मॅडमनी पाणी ओतलं. आकडा वाचला गेला. त्यांनी विचारलं, कुठी गेलं? पल्लवी उभी राहिली. मग म्हणाली, "वाफ होऊन गेलं असन, मॅडम." त्याच क्षणी वामनराव दारात आले, मोठ्या सरांनी बोलावलं म्हणाले. मॅडमनी पदर सावरला, दाराकडे वळल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मंग बूच लावून पाह्य न."

दोन पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या.

त्यांनी हे ठरवून म्हटलं नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगतो. तोंडाला सवय होती, ती निघाली. दाराच्या चौकटीला हात लावून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग वळल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी एकेका पोराकडे पाहिलं, आणि एकेका पोरानं मान खाली घातली. सगळ्या वर्गाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"तुम्ही ऐकलं होतं न?" त्यांनी विचारलं. "मंग काहून नाही सांगतलं मले?"

शेवटी मोहित नावाचा एक दांडगा पोरगा, ज्याला मी रोज वर्गाबाहेर काढतो, तो म्हणाला, "सांगतलं असतं तर तुमची नोकरी गेली असती, मॅडम. पल्लवीनंच सांगतलं, कोणी बोलू नका म्हणून."

मॅडम मटकन बसल्या. ह्या बाईला मी चिडताना पाहिलं होतं, भांडताना पाहिलं होतं. रडताना त्या दिवशी पाहिलं. रडता रडता रागावल्या मात्र. जे पाह्यलं, जे ऐकलं, ते माझ्यासाठी बदललं? माझ्यासाठी? वर्षभर मी तुम्हाला काय शिकवलं मग? पोरं मुसमुसत होती. पल्लवी तशीच उभी, हात मागे बांधून, आपल्याला कोणी बस म्हणेल ह्याची वाट पाहत. मी गप्प बसलो, कारण मला तसं सांगून ठेवलं होतं. 

नंतर मी त्यांना शिक्षकखोलीत खूप समजावलं. म्हटलं, हे आपल्यात राहू द्या. पोरीसाठी भांडू आपण, मी स्वतः बोलतो सचिवांशी, पण तुम्ही आपल्या हातानं गळ्यात फास घालून घेऊ नका. संस्थेची नोकरी आहे ही. त्यांनी ऐकून घेतलं, आणि घरी गेल्या.

शनिवारी बैठकीला शिक्षक म्हणून मीही होतो; संस्थेचे सचिव होते, मोठे सर, मयूरचे वडील, आणि कोपऱ्यात खांद्यावर दुपट्टा टाकलेला पल्लवीचा बाप. त्याला खुर्ची दिली तरी तो बसला नाही. सचिवांना लवकर आटपायचं होतं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही काही करू नका म्हणून सांगून गेल्या होत्या, आणि पोरीनं बूच लावलं. असंच लिहू न?"

"नाही जी," मॅडम म्हणाल्या. "मीच म्हटलं, बूच लावून पाह्य."

मोठ्या सरांच्या हातातला पेन थांबला. सचिव म्हणाले, की पण तुम्ही तर वेगळं लिहून दिलं आहे. तेव्हा मॅडम जे बोलल्या ते मी विसरणं शक्य नाही. "तेव्हा मी आठवून लिहिलं होतं, साहेब. आता पाहून सांगून राहिली."

मयूरचे वडील उठले. मला वाटलं, आता हात उगारतात. मी खुर्चीच्या टोकावर आलो. ते फक्त म्हणाले, "अन् माह्या पोराच्या डोळ्याचं काय?" मॅडम म्हणाल्या, की ते माझ्यावर आहे, ह्या पोरीवर नाही. जे करायचं ते माझं करा. ते समोरचा चहा तसाच ठेवून निघून गेले. पल्लवीच्या बापानं हात जोडले आणि विचारलं, की मग पोरीला घरी घेऊन जाऊ का जी? मोठे सर खेकसले, घरी कायले, वर्गात पाठव तिले. एवढ्या एका वाक्यासाठी त्या माणसाचे मागचे सगळे अपराध मी माफ केले आहेत.

मॅडमची एक वेतनवाढ थांबली, आणि बदली झाली संस्थेच्या नाकाडोंगरीकडच्या शाळेत. तुमसरहून जाऊन येऊन जीव जाईल अशी जागा. प्रयोगशाळेला कुलूप लागलं. पल्लवी शाळेत राहिली, पण कशाला हात लावेना. वर्गात कोणी भिंग जरी फिरवलं तरी हात बाकाखाली घेऊन बसायची. मयूर परत आला, काळा चष्मा लावून. त्याचे वडील त्याला सोडायला यायचे आणि तास सुरू झाला तरी फाटकाशी मोटरसायकलला टेकून उभे राहायचे. बोलायचे नाहीत कोणाशी. मला त्या माणसाची भीतीही वाटायची आणि कीवही यायची.

मॅडमचा शेवटचा दिवस. मला वाटलं, पोरं हार आणतील, दोन गाणी म्हणतील. दुपारी पाहतो तर काय, नववी व्हरांड्यात! मधोमध फरशीवर रुंद तोंडाचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, बाजूला काटा, आणि कागदावर चुन्याचे काही लहान खडे. पोरांना मॅडमनी लांब, खांबांच्या पलीकडे उभं केलं होतं. मोटरसायकलवाल्यांचे असतात तसे दोन गॉगल. एक त्यांच्या हातात, एक पल्लवीच्या डोळ्यांवर. मी धावतच गेलो. मोठे सर ऑफिसच्या दारात आले होते. आता हे ओरडणार आणि सगळं पुन्हा सुरू होणार, असं मला वाटलं. मी फाटकाकडे पाहिलं. मयूरचे वडील मोटरसायकल सोडून सरळ उभे राहिले होते.

पल्लवीनं दोन खडे गंजात टाकले, पाण्यासकट सगळ्याचं वजन केलं आणि पेला हातात घेतला. मॅडम ओत म्हणत नव्हत्या, नको म्हणत नव्हत्या. पोरीनं दोनदा हात मागे घेतला. मग ओतलं. चुना फसफसला, वाफ उठली, आणि सगळी नववी खांबांमागे दचकली. काही उडालं नाही. चुना उलला, भुगा झाला, निवत गेला. पल्लवीनं गंज रिकाम्या पेल्यासकट काट्यावर ठेवला आणि आकडा वाचला. आधीच्यापेक्षा कमी होता.

आता मॅडम, कुठी गेलं, असं विचारतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी विचारलं नाही. मयूरच खांबामागून म्हणाला, वाफच गेली न. पल्लवी त्याच्याकडे पाहत राहिली. त्या काळ्या चष्म्याकडे. मला वाटलं, आता ही रडते आणि पळून जाते.

"बूच नाही लावायचं," ती म्हणाली. "वरून थंडी परात तिरपी धरू. वाफ तिले लागंन, पाणी होऊन खाली येईन. तेवढं पाणी मोजू, म्हंजे समजन."

खिचडीच्या खोलीतून परात आणायला मयूर स्वतः निघाला. मॅडम त्याला हळू जा म्हणाल्या. तिकडे रस्त्यावर तुमसरच्या गाडीनं हॉर्न दिला. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. मोठे सर दारातच होते, पण आता ते चौकटीला टेकले होते. फाटकातून मयूरचे वडील चार पावलं आत आले आणि तिथेच थांबले, नीट दिसेल असे.

परात आली. पल्लवीनं गंज रिकामा करून त्यात नवे खडे ठेवले आणि पाण्याचा पेला उचलला. मॅडम उत्सुकतेनं पुढे सरकल्या, जवळजवळ गंजावर वाकल्या. गॉगल अजून हातातच होता.

पल्लवीनं पेला खाली ठेवला. "मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही मागं व्हा."

आणि हटवार मॅडम मुकाट्यानं मागं सरकल्या.